नाव नवे, खेळाडू तोच

समजा, तुम्ही सांताक्रूझला राहता. शाळेचा अभ्यास आटोपला की संध्याकाळी अर्धा तास मोबाइलवर एक खेळ खेळता. हा खेळ एकट्याने खेळायचा नाही. कोणी कोल्हापूरहून, कोणी नागपूरहून, तर कोणी थेट जपानमधून, आपापल्या घरी बसून त्यात भाग घेत असतो. पडद्यावर धावणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर त्याचे नाव तरंगत असते. दोन वर्षांपूर्वी, पाचवीत असताना, तुम्ही मोठ्या हौसेने 'चिकू' हे नाव घेतले होते. आता तुम्ही सातवीत गेलात. 'चिकू' वाचून मित्र हसतात. तुम्हांला वाटते, आता 'वाऱ्या' असे काही झोकदार नाव घ्यावे.

'नाव बदला' असे लिहिलेल्या चौकटीवर बोट टेकवायचे, एवढेच काम. पण बोट मध्येच थबकते. दोन वर्षे खपून मिळवलेले गुण, एकेक करून जिंकलेल्या ढाली-तलवारी, चाळीस मित्रांची यादी, हे सगळे 'चिकू'च्या नावावर आहे. 'चिकू'च नाहीसा झाला, तर हे सगळे कुणाचे? आणि उद्या दुसऱ्याच कुणी 'चिकू' हे नाव घेतले, तर तुमची कमाई त्याच्या पदरात पडेल का?

मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. तुमचे काहीही जाणार नाही. पण का जाणार नाही, हे समजून घेण्यात खरी गंमत आहे. शिवाय ते एकदा समजले की, खेळातल्या नावावर किती विश्वास ठेवावा हेही आपोआप कळते.

शाळेतील दोन क्रमांक

संगणकाकडे वळण्यापूर्वी आपण शाळेच्या कचेरीत डोकावू. तुमच्या वर्गात एक हजेरीपट असतो. त्यातला तुमचा क्रमांक दरवर्षी बदलतो. यंदा १७ असेल, तर पुढच्या वर्षी २१. नवे विद्यार्थी आले, जुने गेले, तुकडी बदलली की हा क्रमांकही बदलला.

पण कचेरीत आणखी एक जाडजूड वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. तुम्ही शाळेत पहिल्यांदा पाऊल ठेवले, त्या दिवशी या वहीत तुमची नोंद झाली आणि तुम्हांला एक क्रमांक मिळाला. तुम्ही त्या शाळेत असेपर्यंत हा क्रमांक बदलत नाही. तुमच्यानंतर तो दुसऱ्या कुणाला दिलाही जात नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच लिहिलेला असतो.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या पालकांनी शासनाच्या राजपत्रात रीतसर जाहीर करून त्याचे नाव बदलले. मुख्याध्यापकांच्या आज्ञेने लेखनिक जनरल रजिस्टरमधील त्याच्या ओळीत नव्या नावाची नोंद करील. पण त्यामुळे त्याचे मागील वर्षांचे गुण पुसले जाणार नाहीत. गुण त्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे आहेत, आणि क्रमांक तर तसाच आहे.

म्हणजे ओळख दोन प्रकारची असते. एक माणसांनी हाक मारण्यासाठी, ते नाव. दुसरी नोंद शोधून काढण्यासाठी, तो क्रमांक. खेळ चालवणारा संगणक नेमके हेच करतो.

मुख्य संगणकाची वही

असा खेळ खेळताना तुमचा मोबाइल एकटा काम करीत नसतो. दूर कुठेतरी खेळाच्या चालकांचे शक्तिमान संगणक अहोरात्र चालू असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. आपण त्यांना सोयीसाठी 'मुख्य संगणक' म्हणू. तुमचा मोबाइल त्याला सांगतो, "मी डावीकडे वळलो, मी उडी मारली." मुख्य संगणक ते नोंदवतो आणि इतर खेळाडूंच्या मोबाइलना कळवतो.

तुम्ही पहिल्यांदा खाते उघडता, त्या क्षणी हा संगणक तुम्हांला एक ओळख क्रमांक देतो. तो बहुधा तुम्हांला विचारतही नाही. समजा, तुमचा क्रमांक ५०७३१ आहे. आता त्याच्याकडील वह्या कशा असतील, ते पाहा.

पहिली वही नावांची. तीत लिहिलेले असते: ५०७३१, दर्शनी नाव 'चिकू'.

दुसरी वही गुणांची. तीत लिहिलेले असते: ५०७३१, गुण ८,४५०.

तिसरी वही मैत्रीची. तीत लिहिलेले असते: ५०७३१ आणि ६२२०८ हे मित्र आहेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीत 'चिकू' हा शब्द कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तो फक्त पहिल्या वहीत, एकाच ठिकाणी आहे. तुम्ही नाव बदलता, तेव्हा मुख्य संगणक पहिल्या वहीतील तेवढी एक चौकट पुसून तेथे 'वाऱ्या' लिहितो. बाकीच्या वह्यांना तो हातही लावत नाही. पडद्यावर नाव दाखवायची वेळ आली की तो ५०७३१ हा क्रमांक घेऊन पहिल्या वहीत जातो आणि त्यापुढे जे लिहिले असेल ते दाखवतो. म्हणूनच त्याला दर्शनी नाव म्हणायचे. ते दाखवण्यापुरते असते. दुकानाची पाटी रंगवून नवे नाव लिहिले, म्हणून आतला माल बदलत नाही, तसेच हे.

संगणकाच्या भाषेत या न बदलणाऱ्या क्रमांकाला 'किल्ली' म्हणतात. एका किल्लीने एकच कुलूप उघडावे आणि ती किल्ली कधी बदलू नये, असा नियम असतो.

सांताक्रूझच्या विमानतळाची तीन अक्षरे

अशी किल्ली सांताक्रूझकरांनी अनेक वेळा पाहिलेली आहे, पण तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सांताक्रूझच्या पूर्वेला असलेल्या विमानतळाला लोक वर्षानुवर्षे सांताक्रूझचा विमानतळ म्हणत आले. १९८० नंतरच्या दशकात परदेशी जाणाऱ्या विमानांसाठी सहार येथे नवी इमारत वापरात आली आणि 'सहार विमानतळ' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत इंग्रजी नाव 'बॉम्बे' जाऊन 'मुंबई' झाले. १९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द आला.

नावे एवढी बदलली. पण आजही या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाच्या सामानाला बांधलेली चिठ्ठी पाहा. तिच्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत 'बी ओ एम' असेच छापलेले असते. ही 'बॉम्बे' या शब्दाची पहिली तीन अक्षरे.

हे विसरून राहिलेले नाही. जाणूनबुजून तसेच ठेवलेले आहे. जगातील विमानतळांना अशी तीन अक्षरांची खूण देण्याचे काम आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना करते. इंग्रजीतील २६ अक्षरांपासून तीन अक्षरांच्या २६ × २६ × २६ म्हणजे १७,५७६ वेगवेगळ्या खुणा होतात. तिकिटे, वेळापत्रके, सामान वाहणारे पट्टे, निरनिराळ्या देशांतील कंपन्यांचे संगणक, सर्वत्र या खुणा वापरलेल्या असतात. एक खूण बदलायची म्हणजे या सर्व ठिकाणी, एकाच क्षणी, बदल करावा लागेल. एक जरी जागा चुकून राहिली तरी कुणाची तरी पेटी भलत्याच गावी जाईल. म्हणून हवाई सुरक्षेसारखे सबळ कारण असल्याशिवाय खूण बदलत नाहीत. मद्रासचे चेन्नई झाले आणि कलकत्त्याचे कोलकाता झाले, तरी तेथील विमानतळांच्या खुणाही जुन्याच राहिल्या.

'मुंबई' हे दर्शनी नाव आणि 'बी ओ एम' ही किल्ली. 'वाऱ्या' हे दर्शनी नाव आणि ५०७३१ ही किल्ली. दोहोंमागचा विचार एकच आहे.

नावालाच किल्ली केले तर?

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? नावालाच किल्ली का करू नये? असे करून पाहिलेल्या एका खेळाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

स्वीडनमधील मोजांग या कंपनीचा 'माइनक्राफ्ट' हा ठोकळे रचण्याचा खेळ तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये बाहेर पडली. या खेळात हौशी लोक स्वतःचा सर्व्हर चालवू शकतात. सुरुवातीच्या काळात अशा सर्व्हरवर प्रत्येक खेळाडूची नोंद त्याच्या नावानेच ठेवली जाई. त्याच्या झोळीत काय आहे, तो कुठे उभा आहे, हे ज्या फाइलमध्ये लिहिलेले असे, त्या फाइलचे नाव म्हणजे खेळाडूचेच नाव. कुणाला प्रवेश द्यायचा आणि कुणाला मज्जाव करायचा, याच्या याद्याही नावांच्याच.

नाव कधी बदलायचेच नसते, तर हे चालून गेले असते. पण खेळाडूंना नाव बदलायची मुभा द्यायचे ठरले आणि अडचण उभी राहिली. 'चिकू'ने नाव बदलून 'वाऱ्या' केले, की सर्व्हर 'वाऱ्या' नावाची फाइल शोधणार. ती सापडणार नाही. म्हणजे वाऱ्या रिकाम्या हाताने उभा! उलट, दुसऱ्या कुणी 'चिकू' हे नाव घेतले की त्याला जुन्या चिकूची भरलेली झोळी आयतीच मिळणार. आणि दांडगाई केल्याबद्दल 'चिकू'ला बंदी घातलेली असेल, तर नाव बदलून तो पुन्हा आत शिरणार, आणि नव्या, निरपराध चिकूला मात्र दार बंद!

सुरुवातीला तुम्हांला जी भीती वाटली होती, ती येथे खरी ठरली असती.

म्हणून कंपनीने आधी पाया बदलला. एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून सर्व्हरवरील नोंदी नावाऐवजी ओळख क्रमांकाने ठेवण्यास सुरुवात झाली. सर्व्हर चालवणाऱ्यांना जुन्या फाइली आणि याद्या नव्या पद्धतीत आणण्यास अवधी मिळाला. त्यानंतरच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, नाव बदलण्याची सोय सुरू झाली. पडद्यावरची एक चौकट बदलण्यासाठी आतली सगळी मांडणी बदलावी लागली, ती अशी.

या खेळातील ओळख क्रमांक किती मोठा असतो, तेही पाहू. तो १२८ द्विमान अंकांचा, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहिलेला असतो. माणसाला वाचायला सोपे जावे म्हणून तो ३२ चिन्हांत लिहितात. यांपैकी ६ द्विमान अंक क्रमांकाचा प्रकार सांगण्यात खर्च होतात. उरलेले १२२ अंक नाणेफेकीसारखे, कोणताही क्रम न ठेवता निवडतात. असे किती क्रमांक होतील? ५३ या आकड्यावर सुमारे ३५ शून्ये दिली तर जेवढी संख्या होईल, तेवढे. त्यामुळे दोन खेळाडूंना चुकून एकच क्रमांक मिळेल, ही शक्यता नसल्यातच जमा आहे.

बोट टेकवल्यावर काय घडते?

आता आपण 'नाव बदला' या चौकटीवर खरोखरच बोट टेकवू. पुढच्या सेकंदभरात मुख्य संगणक बरीच कामे करतो.

पहिले काम, विनंती करणारा खातेदारच आहे ना, हे तपासणे. तुम्ही परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, देऊन आत आला आहात, यावरून ते ठरते.

दुसरे काम, नाव नियमात बसते की नाही ते पाहणे. किती अक्षरे चालतील आणि कोणत्या चिन्हांना परवानगी आहे, हे ठरलेले असते. शिव्या आणि अपमानकारक शब्द यांची एक यादीही तयार असते.

तिसरे काम, मागचा बदल होऊन किती दिवस झाले ते मोजणे. माइनक्राफ्टमध्ये ३० दिवसांतून एकदाच नाव बदलता येते. तुम्ही सोडलेले नाव ३७ दिवस कुणालाही दिले जात नाही. म्हणजे ३० दिवस संपल्यावर नाव परत घ्यावेसे वाटले, तर तुमच्या हातात एक आठवडा असतो. काही खेळांत नाव बदलण्यासाठी खेळातील नाणी किंवा खरे पैसेही मोजावे लागतात. त्यात कंपनीची कमाई तर असतेच, शिवाय उठसूट नाव बदलून इतरांना गोंधळात टाकणाऱ्यांनाही आळा बसतो.

चौथे काम, तेच नाव आधी कुणी घेतलेले नाही ना, हे पाहणे. येथे एक नाजूक प्रसंग उद्भवू शकतो. समजा, त्याच क्षणी जपानमधल्या मुलानेही 'वाऱ्या' हेच नाव मागितले. दोघांसाठी तपासणी झाली, दोघांनाही 'नाव मोकळे आहे' असे उत्तर मिळाले आणि दोघांनाही ते देऊन टाकले, तर? असे होऊ नये म्हणून 'तपासणे' आणि 'लिहिणे' ही दोन कामे संगणक एका दमात उरकतो. मध्ये दुसऱ्याला शिरू देत नाही. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर एका वेळी एकाच माणसाचा हात आत जातो, तशी ही रांग असते. जो क्षणभर आधी आला, त्याला नाव मिळते. दुसऱ्याला 'नाव शिल्लक नाही' असा निरोप जातो.

पाचवे काम, चौकटीत नवे नाव लिहिणे, आणि जुने नाव कोणते होते व ते कधी बदलले, याची टाचणही ठेवणे.

एवढे झाले तरी तुमच्या मित्राला काही काळ 'चिकू'च दिसेल, असे घडू शकते. याचे कारण त्याच्या मोबाइलने तुमच्या नावाची एक प्रत स्वतःजवळ ठेवलेली असते. दर वेळी मुख्य संगणकाला विचारत बसण्यापेक्षा जवळची प्रत वाचणे झटपट होते. ती प्रत ताजी झाली की नवे नाव दिसू लागते. काही खेळांत मागील सामन्यांचे निकाल जुन्याच नावाने राहतात. १९९५ पूर्वीच्या विमानाच्या तिकिटावर 'बॉम्बे' हेच छापलेले राहणार, तसे ते.

दोन सांताक्रूझ, एक मुंबई

आतापर्यंत आपण एका खेळाडूची दोन नावे पाहिली. आता उलट बाजू पाहू. दोन खेळाडूंचे नाव एकच असले तर?

'सांताक्रूझ' हा शब्द मूळचा पोर्तुगीज. त्याचा अर्थ पवित्र क्रूस. पोर्तुगीज जेथे जेथे गेले, तेथे तेथे हे नाव मागे राहिले. गोव्यात पणजीजवळही एक सांताक्रूझ आहे. एखाद्याने पाकिटावर नुसते 'सांताक्रूझ' लिहिले, तर टपाल खात्याने पत्र कुठे धाडावे? शिवाय हे नाव कोणी 'क्रूझ' लिहितो, कोणी 'क्रुज'. इंग्रजीत, गुजरातीत, हिंदीत त्याची आणखी रूपे.

हाच घोटाळा मिटवण्यासाठी टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिन कोडची योजना तयार केली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सांताक्रूझ पश्चिमेचा पिन ४०० ०५४ आणि पूर्वेचा ४०० ०५५. गोव्यातील सांताक्रूझचा पिन ४०३ या अंकांनी सुरू होतो. नाव कसेही लिहा, पत्र योग्य ठिकाणी जाते.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या आईवडिलांना चांगला आठवत असेल. २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळात कुलाब्याच्या वेधशाळेत मोजलेला पाऊस सुमारे ७३ मिलिमीटर होता. दोन्ही वेधशाळा मुंबईच्याच. नोंद नुसत्या 'मुंबई' या नावाने ठेवली असती, तर कोणता आकडा खरा मानायचा? जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत सांताक्रूझच्या वेधशाळेचा क्रमांक ४३००३ आहे आणि कुलाब्याच्या वेधशाळेचा ४३०५७. नाव एक असले तरी क्रमांक दोन. म्हणून दोन्ही नोंदी आपापल्या जागी बिनचूक राहतात, आणि मुंबईचा पाऊस समजून घेणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यांचा उपयोग होतो.

खेळांतही हीच युक्ती वापरतात. 'स्टीम' या खेळांच्या मोठ्या केंद्रावर दर्शनी नाव केव्हाही बदलता येते, आणि एकच नाव कितीही जणांना घेता येते. तेथे शंभर 'वाऱ्या' सुखाने नांदू शकतात. त्यांची गल्लत होत नाही, कारण प्रत्येकाजवळ स्वतःचा १७ अंकी ओळख क्रमांक असतो.

डोळ्यांना फसवणारी नावे

गल्लत होत नाही, ती संगणकाची. माणसाची होते. आणि लबाड माणसे नेमका याचाच फायदा घेतात.

संगणक अक्षर पाहत नाही, तो संख्या पाहतो. जगातील बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला युनिकोड या पद्धतीत एक संख्या दिलेली आहे. इंग्रजीतील लहान 'ए'ची संख्या ९७. रशियन लिपीतही हुबेहूब तसेच दिसणारे एक अक्षर आहे, त्याची संख्या १०७२. तुमच्या मित्राच्या इंग्रजी नावातील 'ए' काढून तेथे हे रशियन अक्षर घातले, तर दोन्ही नावे डोळ्यांना एकसारखी दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती सर्वस्वी वेगळी, म्हणून 'हे नाव आधीच घेतले आहे' अशी हरकत तो घेत नाही.

हे मराठीतही घडू शकते. आपले 'वाऱ्या' हे नाव घ्या. त्यातील 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तऱ्हा म्हणजे २३५३ या एकाच संख्येने. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा 'र', संख्या २३५२, आणि त्याखालचा टिंब, संख्या २३६४, अशा दोन संख्यांनी. कागदावर फरक शून्य, संगणकात फरक मोठा. म्हणून चांगल्या खेळांत नाव तपासण्यापूर्वी अशा दोन्ही तऱ्हांना एकाच ठरावीक रूपात आणतात. पण रशियन 'ए'सारख्या जुळ्या अक्षरांचे एवढ्याने भागत नाही. त्यांच्या वेगळ्या याद्या कराव्या लागतात, आणि तरीही काही नावे निसटतातच.

मग ओळखायचे कसे?

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तुम्ही 'चिकू' हे नाव सोडून 'वाऱ्या' झालात. काही दिवसांनी एका अनोळखी माणसाने मोकळे झालेले 'चिकू' हे नाव घेतले. त्याने तुमच्या मित्राला निरोप पाठवला, "अरे, मी चिकू. माझे खाते अडकले आहे. तुझा पासवर्ड दे, नाहीतर आईच्या मोबाइलवर आलेला आकडा सांग." मित्राने नाव पाहिले. ओळखीचे वाटले. त्याने आकडा सांगितला. तो आकडा बँकेचा असेल, तर नुकसान खेळातील गुणांचे होणार नाही, घरातील पैशांचे होईल.

हे टाळण्याचा उपाय आपण वर शिकलो त्यातच आहे. मैत्रीची वही क्रमांकांची असते. खरा चिकू नाव बदलूनही तुमच्या मित्रांच्या यादीत राहतो. खोटा चिकू नाव घेऊनही यादीत येऊ शकत नाही. त्याला नव्याने मैत्रीची विनंती पाठवावी लागते. म्हणून जुन्या मित्राच्या नावाने मैत्रीची नवी विनंती आली, की तेथेच सावध व्हा. आपली यादी पाहा, ओळख क्रमांक दिसत असेल तर ताडून पाहा. सर्वांत उत्तम म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेत त्या मित्रालाच विचारा. पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला आकडा मात्र खऱ्या मित्रालाही सांगायचा नाही. कुणी फसलेच, तर भीतीने लपवून ठेवू नका. लगेच घरातील मोठ्यांना सांगा. पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करता येते, आणि ती जितकी लवकर कराल तितकी उपयोगी पडते.

आणखी दोन गोष्टी. कुणी खेळात शिवीगाळ केली, तर त्याची तक्रार खेळातील सोयीनेच करा. त्या तक्रारीबरोबर त्याचा ओळख क्रमांक जातो. मग त्याने दहा वेळा नाव बदलले तरी नोंद त्याच्याच खात्यावर राहते. हाच नियम आपल्यालाही लागू आहे, हे विसरू नका. नाव बदलून वागणूक पुसता येत नाही.

दुसरी गोष्ट नव्या नावाची. दर्शनी नाव जगातील कुणीही वाचू शकतो. त्यात स्वतःचे आडनाव, शाळेचे नाव, जन्माचे साल किंवा राहण्याचा भाग घालू नका. 'वाऱ्या' पुरे. 'सांताक्रूझचा वाऱ्या' असे लिहिले, तर तुम्ही कुठे सापडाल, हे तुम्हीच अनोळखी माणसाला सांगितल्यासारखे होईल.

करून पाहा

पाच मित्र जमवा आणि दोन वह्या घ्या. पहिल्या वहीत गुण नावापुढे लिहा. दुसऱ्या वहीत प्रत्येकाला एक क्रमांक द्या. एका पानावर क्रमांक आणि नाव, दुसऱ्या पानावर क्रमांक आणि गुण, असे लिहा. आता चिंचोके टाकून किंवा गोट्यांचा डाव मांडून दहा फेऱ्या खेळा, आणि प्रत्येक फेरीचे गुण दोन्ही वह्यांत नोंदवा. पाचव्या फेरीनंतर दोघांनी नावे बदलावीत. त्यांपैकी एकाने दुसऱ्याचे सोडलेले नाव घ्यावे. शेवटी बेरीज करा. पहिल्या वहीत किती ठिकाणी खाडाखोड झाली? कुणाचे गुण भलत्याच्या खात्यात गेले? दुसऱ्या वहीत किती ठिकाणी बदल करावा लागला?

उत्तर मिळाले की मग निर्धास्तपणे बोट टेकवा. 'चिकू'चा 'वाऱ्या' होऊ दे. ५०७३१ जागच्या जागी आहे.